जोडीची बॅटरी

पद्माक्कांचं नाव सगळ्यात आधी लिहिते. जयनगरच्या त्या जुन्या बैठ्या घरातल्या, फाटकावर जाईचा वेल असलेल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला 'स्वल्प थांब गं' म्हणून थांबवणाऱ्या पद्माक्का. काय झालं ते मागाहून सांगता येईल. पण नाव सांगायचं राहून गेलं तर मला चैन पडायची नाही. माझा स्वभावच तसा. गॅस बंद केला का, दाराला कडी लावली का, बॅटरी चार्जिंगला लावली का, असं करत मी चालता चालता सारखी मागं बघते. आमचे हे म्हणतात, "तुझी मान एक दिवस मागंच अडकून बसंल, मग पुढचं कोण बघणार?"

आता पुन्हा खड्ड्यांचे दिवस आलेत. बंगळूरला पावसाच्या आधी झाडांचे खड्डे तयार लागतात. सगळ्यांना एकदमच आठवण होते, आणि सगळ्यांना कालच पाहिजे असतात. सध्या मी व्हाइटफील्डच्या एका मोठ्या सोसायटीत खड्डे पाडते आहे. कुंपणाच्या कडेनं गुलमोहर फुललेत, त्यांच्या पाकळ्या माझ्या लाल मातीवर पडतात आणि मातीचाच रंग घेतात. वॉचमनच्या खोलीत भिंतीला चार्जर लावलाय. एक बॅटरी त्यावर, एक मशीनवर. मशीनवरची संपत आली की मी पायरीवर टेकते. खांदे गळून गेलेले असतात. यंत्र थांबलं तरी तळहात बराच वेळ थरथरत राहतात, पाण्याचा ग्लास धरला की पाण्यावर बारीक लाटा दिसतात. त्या लाटा बघत बसले की मला जयनगरचा तो उन्हाळा आठवतो.

या मशीनला इथं ऑगर म्हणतात. दोन्ही हातांनी धरायचं हँडल, खाली पोलादी मळसूत्री पातं, वर पाठीला बॅटरी. बटण दाबलं की पातं जमिनीत शिरतं आणि माती वर उसळते. आमच्या हिंगोलीकडच्या गावात सुताराकडं लाकडाला भोक पाडायचं गिरमिट असायचं. तेच हे, फक्त माणसाएवढं मोठं. म्हणून मी त्याला गिरमिटच म्हणायचे. आमचा मेस्त्री, म्हणजे काम देणारा मुकादम, हुबळीकडचा. मी पहिल्यांदा "गिरमिट कुठं ठेवलं?" विचारलं तेव्हा तो पोटावर हात ठेवून हसला. त्यांच्याकडं गिरमिट म्हणजे चुरमुऱ्यांचा चटकदार फराळ. "ताटलीत वाढलंय बाई," तो म्हणाला, "संगं मिरचीभजीबी आण." तेव्हापासून साइटवर मशीनला सगळेच गिरमिट म्हणतात, आणि त्याची बॅटरी संपली की कुणीतरी म्हणतंच, "संपलं का गिरमिट? आता चहा मागवा."

शब्दांची अशी गंमत मला या गावानं फार शिकवली. आठवीत शाळा सुटली तेव्हा मला वाटलं होतं, शब्दांचा नि आपला संबंध संपला. शाळेतलं मला फारसं काही आठवत नाही. मराठीच्या बाई मात्र आठवतात. धडा वाचताना मी एका दमात पळत सुटायचे, कारण मधे थांबलं की सगळे बघतील अशी भीती. बाई काठीनं फळा ठोकायच्या, "अगं, स्वल्पविराम आहे तिथं! श्वास घे. तो त्यासाठीच ठेवलाय." पुढं कित्येक वर्षं 'स्वल्प' हा शब्द मी कुणाच्याही तोंडून ऐकला नाही. तो एकदम बंगळूरलाच भेटला, कानडीत 'थोडं' म्हणून. रिक्षावाला स्वल्प पुढं घेतो, भाजीवाली स्वल्प कोथिंबीर घालते, घरमालक स्वल्प आवाज कमी करा म्हणतो. मला प्रत्येक वेळी बाईंचा फळा दिसायचा.

त्या उन्हाळ्याआधी आमचे हे पहारीनं खड्डे खणायचे. इथली जमीन वरून लाल नि मऊ दिसते, हातभर खाली गेलं की मुरमाचे खडे. पहार दगडावर बसली की झटका मनगटातून थेट पाठीत जातो. असे किती झटके यांच्या पाठीत जिरले असतील देव जाणे. एके सकाळी यांना अंथरुणातून उठताच येईना. मणक्यातली गादी सरकली होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाकडं धरला आणि यांच्याकडं न बघता माझ्याकडं बघून सांगितलं, "बसतील, चालतील, हलकं काम करतील. पण आता पहार मारली तर पाय जातील. समजलं ना? पाय." मला समजलं. यांना समजलं की नाही, ते मला अजून माहीत नाही.

मेस्त्रीनं तेव्हाच नवीन मशीन आणलं होतं. ते मी धरायचं ठरलं. यांनी रोपं मोजायची, खड्ड्यातली सुटी माती खुरप्यानं हलकी ओढायची. मेस्त्रीनं यांच्यादेखत सांगितलं, "जयनगरचा रस्ता पावसाआधी झाला पाहिजे. मशीननं जमलं तर मशीन तुमच्याकडं. नाही जमलं तर पहारवाली माणसं आणतो, मग तुम्हीबी पहार घ्या नाहीतर गावी जा." वाईट माणूस नव्हता तो. त्याच्याही मागं कुणीतरी होतंच.

पण मशीनला एकच बॅटरी होती. बॅटरीच्या पाठीवर चार हिरवे ठिपके. सकाळी चारही पेटलेले. इथल्या मुरमात एकेक ठिपका असा भराभरा विझायचा की उन्हं डोक्यावर यायच्या आत मशीन मुकं व्हायचं. मग ती बॅटरी घेऊन चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात जायचं, त्याच्या हातापाया पडायचं, आणि भरेपर्यंत वाट बघायची. वाट बघणं मला जमतं. यांना नाही. मशीन मुकं झालं की यांची नजर फिरायची ती थेट झाडाला टेकवलेल्या पहारीवर. "तोवर एक खड्डा धरतो," म्हणायचे. "नुसतं बसून कसं चालंल? लोक बघतेत." लोक! ज्यांचं नाव माहीत नाही, ज्यांची भाषा येत नाही, त्या लोकांची यांना लाज. मी काय करायची सांगते, हसू नका. मी पहार जमिनीवर आडवी टाकायची आणि तिच्यावर बसायची. उन्हानं तापलेली लोखंडी पहार लुगड्यातून भाजायची. पण मी उठले की ती यांच्या हातात जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून बॅटरी दुकानात द्यायला मी जात नसे, यांना पाठवायची, आणि हे परत आले तरी ती भरेपर्यंत मी पहारीवर बसून राहायची, अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीगत.

तिथंच पद्माक्कांनी मला पहिल्यांदा बघितलं. आम्ही त्यांच्याच फाटकासमोर होतो. सत्तरीच्या असतील, सुती साडी, कानात कुडी, पायात स्लिपर. मराठीच बोलल्या म्हणून माझा जीव एकदम हलका झाला. पिढ्यान्पिढ्या इकडंच राहिलेली ती मंडळी, त्यांच्या मराठीत अर्धं कानडी मिसळलेलं. मला तेव्हा ते कुठं माहीत? त्या फाटकावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आमच्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "सकाळपासून किती गुंड्या तोडल्यात?"

माझा हात आपोआप पोलक्याच्या गुंड्यांवर गेला. मग मी यांच्या सदऱ्याकडं बघितलं. आणि नेमकी यांच्या सदऱ्याची मधली गुंडी तुटलेली! पहारीच्या ओढाताणीत कधी गेली कुणास ठाऊक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या मोठ्या घरची बाई आपल्या नवऱ्याची तुटकी गुंडी बघून टोमणा मारते आहे. मी म्हणाले, "एकच तुटली जी. लावणारच व्हते आज."

"एकच?" अक्कांचा आवाज चढला. "दोघं मिळून सकाळपासून एकच? अय्यो! पाऊस आला म्हणजे काय करणार?"

"पावसाचा काय संबंध जी गुंडीशी?"

"म्हणजे? पावसाच्या आधीच तोडायला हव्यात ना गुंड्या!"

मग यांनीच, पाठ धरून, हळूच म्हटलं, "अगं, त्या खड्ड्याचं म्हणतेत वाटतं." कानडीत गुंडी म्हणजे खड्डा, आणि तोडणं म्हणजे खणणं. त्यात सदऱ्याची गुंडीही कानडीत गुंडीच, म्हणजे अक्कांनाही दोष देता येईना. हे उमगलं तेव्हा अक्का फाटकाला धरून अशा हसल्या की समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. मीही हसले. कितीतरी दिवसांनी हसले असेन, बरगड्या दुखल्या.

आमची नावं त्यांनी तेव्हाच विचारून घेतली. दुसऱ्या दिवशी त्या बिस्किटांचा जुना डबा घेऊन बाहेर आल्या. त्यात नाही नाही त्या रंगाच्या गुंड्या. "दत्ता, सदरा काढ. स्वल्प लाजू नकोस, मला दोन मुलगे आहेत." आणि फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून त्यांनी यांच्या पांढऱ्या सदऱ्याला एक तपकिरी गुंडी लावून दिली. रंग जुळणारी सापडली नाही म्हणून वाईट वाटून घेत होत्या. मग सहज विचारलं, "सुरेखा, तू त्या लोखंडावर का बसतेस गं? पायरीवर बस की."

मी खरं ते सांगितलं. दुसरं सुचलंच नाही. त्यांनी दोरा दातानं तोडला, आणि व्हरांड्यातल्या भिंतीकडं बोट केलं, "तिथं प्लग आहे. झेरॉक्सवाल्याकडं कशाला जाता?"

पहिल्याच दिवशी मी घाबरून अर्धी झाले. मशीनवरून काढलेली बॅटरी तशीच पळत नेऊन चार्जरवर बसवली. वेळ घालवायचा नव्हता ना. तर चार्जरवर लाल दिवा लुकलुकायला लागला. रोजचा स्थिर लाल नव्हे, लुकलुकणारा. मी काढली, पुसली, फुंकर मारली, पुन्हा लावली. पुन्हा तेच. वस्तू आपली नाही, बिघडली तर भरून द्यायची ऐपत नाही, आणि झाडाशी पहार उभीच आहे. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. अक्का आतून भिंग घेऊन आल्या, चार्जरच्या डब्यातला इंग्रजीतला कागद उलगडून बारीक अक्षरं वाचत गेल्या. "तापलीय म्हणे ती. गार झाल्याशिवाय घेत नाही. बिघडली नाही गं, दमलीय." त्यांनी ती उचलून सावलीत, गार फरशीवर ठेवली.

मला एकदम आमचे बैल आठवले. औत सोडल्या सोडल्या, बैल धापा टाकत असताना त्याला पाण्यावर नेत नाहीत. आधी सावलीत बांधायचं, अंगावरून हात फिरवायचा, दम निघू द्यायचा. मी अक्कांना तसं म्हणाले. त्या म्हणाल्या, "मग तुला ठाऊकच होतं की हे!"

"ठाऊक व्हतं जी. पण बैलाचं."

त्या दुपारी त्यांनी मला ताक दिलं, त्याला त्या मज्जिगे म्हणायच्या, आलं नि कढीपत्ता ठेचून घातलेलं. बॅटरी गार फरशीवर, मी तिच्या शेजारी गार फरशीवर. इतक्या वर्षांत दिवसाढवळ्या, काहीही न करता, कुणाच्या घरी मी अशी बसले नव्हते. मला बसता येईना. सारखी उठायला बघायची. बॅटरीला दमायची परवानगी होती, तिच्या कागदावर तसं छापलेलं होतं. माझा कागद कुठं होता?

अक्का नोकरीत असताना टेलिफोनच्या कचेरीत होत्या. त्यांनी त्या दिवशी सांगितलेलं मी विसरले नाही. "अख्ख्या गावची वीज गेली तरी फोन लागायचा, कधी नवल वाटलं का तुला? खाली एका खोलीत बॅटऱ्या ओळीनं मांडलेल्या असायच्या. वीज असतानाही भरतच राहायच्या. आम्ही मुली हसायचो, ही बिनकामाची जहागीर म्हणून. एकदा मोठं वादळ झालं. तेव्हा कळलं." मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "तुला दुसरी बॅटरी पाहिजे. एका बैलानं नांगर चालतो का?"

मेस्त्रीला फोन अक्कांनीच केला. कानडीतून. मला चार शब्द कळले असतील, पण मेस्त्री पलीकडून "सरी अक्का, सरी अक्का", म्हणजे बरं अक्का, असं म्हणत होता तेवढं नीट ऐकू आलं. शेवटी फोन ठेवून त्या म्हणाल्या, "घेतो म्हणतोय. पण त्याला वेळ नाही. तूच निवड, तो दुकानदाराला सांगतो."

मी निवडायची? आयुष्यात मी निवडलं ते काय? शाळा सोडायचं मी निवडलं नव्हतं, हे गाव मी निवडलं नव्हतं. लग्नातली साडीसुद्धा मावशीनं निवडलेली. अक्का सोबत आल्या, रिक्षानं, मार्केटजवळच्या त्या बोळात जिथं दुकानाबाहेर पंप नि वायरींची भेंडोळी टांगलेली असतात. दुकानदारानं काउंटरवर तीन बॅटऱ्या मांडल्या. एक आमच्यासारखीच. एक तिच्या दुप्पट मोठी, "एकदा लावली की दुपारपर्यंत बघायला नको, बाई." आणि तिसरी दुसऱ्याच बनावटीची, स्वस्तातली, "बसते, बसते, थोडं घासून बसवायची."

घासून बसवायची ती अक्कांनीच बाजूला सारली. "सुनेला घासून बसवतात तशी? नको." राहिल्या दोन. त्यांच्यावरचे आकडे बघून माझी मान आपोआप खाली गेली. अक्का म्हणाल्या, "घाबरू नको. हा आकडा व्होल्टचा, ती चुलीची आच समज. ती आपल्या मशीनला पाहिजे तेवढीच हवी, जास्त नको नि कमी नको. या दोन्हींची सारखीच आहे. हा दुसरा आकडा म्हणजे सरपण. मोठीत जास्त, छोटीत कमी. आता बोल."

यांनी घरून निघताना बजावलं होतं, "मोठी घे. सारखं हिंडायला नको तुला." मलाही मोठीच दिसत होती. आपल्याला काहीही घ्यायचं म्हटलं की आधी मोठं दिसतं, पुन्हा मिळेल याची खात्री नसते ना. मी मोठी उचलली. तेवढ्यात दुकानदारानं अक्कांसाठी कॉफी मागवली होती, ती आली. अक्का म्हणाल्या, "धरून उभी राहा. माझी कॉफी होईपर्यंत. मशीन धरतेस तशी, दोन्ही हात पुढं."

मी उभी राहिले. अक्का कॉफी फुंकून फुंकून पीत होत्या. दुकानदाराला हसू येत होतं. कॉफी निम्मी व्हायच्या आत माझे खांदे उतरले.

"ठेव खाली," अक्का म्हणाल्या. "सरपण जास्त, पण मोळी वाहणार कोण? आणि ही भरायला वेळ किती घेते रे?" त्यांनी दुकानदाराला विचारलं. त्यानं मान हलवली, घेते, बराच घेते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मोठी भरत असेल तोवर छोटी संपून जाणार, आणि मग पुन्हा मशीन मुकं, पुन्हा पहार. दोन सारख्या असल्या तर एक राबेल तोवर दुसरी गार होईल, भरेल, तयार राहील. "जोडीची द्या," मी म्हणाले. दुकानदाराला कळेना. "हिच्यासारखीच द्या. जोडी." आयुष्यात मी पहिल्यांदा काही निवडलं ते हे, आणि ते छोटं होतं, आणि ते बरोबर होतं. परत येताना रिक्षात मी डबा मांडीवर धरून बसले होते. अक्का म्हणाल्या, "पोर आहे का ते? बाजूला ठेव." मी ठेवला नाही.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. दमणूक तीच, पण तिला ताल आला. एक बॅटरी मशीनवर, एक अक्कांच्या फरशीवर. आमचे हे बॅटऱ्यांचे राखणदार झाले. काढलेली बॅटरी सावलीत ठेवायची, हात लावून बघायचा, गार झाली की चार्जरवर, चार ठिपके आले की माझ्याकडं. तापलीय का बघताना हे तिच्यावर असा तळहात ठेवायचे, जसा तापातल्या लेकराच्या कपाळावर. ती पहार कट्ट्याखाली आडवी पडलेली असायची. तिच्यावर बसायचं मी सोडलं होतं.

आणि मग तो दिवस आला. रस्त्याचा शेवटचा तुकडा राहिला होता. संध्याकाळी मेस्त्री बघायला येणार होता, दुसऱ्या दिवशी रोपांचा टेम्पो. दुपारी आभाळ दाटून आलं, गडगडायला लागलं, आणि वीज गेली. सगळ्या गल्लीची. मशीनवरच्या बॅटरीचा शेवटचा ठिपका त्याच सुमाराला विझला, नि दुसरी नुकतीच चार्जरवर लावलेली, एकाच ठिपक्यावर. मी आत पळाले. अक्का अंधारात चाचपडत होत्या. "इन्व्हर्टर आहे, त्यावर लावू," म्हणाल्या. "पण जुना झालाय, सगळं ओढत नाही तो." त्यांनी पंखा बंद केला. टीव्हीचं बटण बंद केलं. मग फ्रिजचं. माझं तिकडं लक्षच नव्हतं, मी ठिपके बघत होते. दुसरा ठिपका पेटतो का, एवढंच.

बाहेरून आवाज आला. ठण्. मी तो आवाज झोपेतही ओळखेन. पहार दगडावर बसल्याचा.

मी धावायला पाहिजे होतं, आणि धावता येईना. माझ्या आधी अक्का बाहेर गेल्या. त्या वयात, अनवाणी. मी दारात पोचले तेव्हा त्या यांच्यासमोर उभ्या होत्या. "दत्ता, खाली ठेव ती."

"एकच खड्डा अक्का, पाऊस येतोय, मेस्त्री..."

"खाली ठेव म्हणते ना."

यांनी ठेवली. आणि पद्माक्का, जयनगरच्या त्या रस्त्यावर, फुटपाथच्या मातीत, पहारीवर बसल्या. मांडी घालून. पदर सावरून. समोरून भाजीची पिशवी घेऊन कुणी ओळखीच्या बाई येत होत्या, त्या जागीच थबकल्या. "काय झालं पद्मा? पडलीस का?"

"नाही गं," अक्का म्हणाल्या, "बसलेय स्वल्प." आणि माझ्याकडं वळून, "तू काय बघतेस? जा, बॅटरीकडं बघ. तीन ठिपके तरी होऊ देत. मी आहे इथं."

मी आत गेले. खिडकीतून दोन्ही दिसत होतं, आत हिरवे ठिपके आणि बाहेर अक्कांची पाठ. आमचे हे त्यांच्या शेजारी, कट्ट्यावर, मान खाली घालून. मला बाई आठवल्या, फळा ठोकणाऱ्या. श्वास घे. तो त्यासाठीच ठेवलाय. आमच्यासाठी कुणीतरी मातीत जाऊन स्वल्पविराम होऊन बसलं होतं. तो नसता तर त्या दिवशी आमच्या वाक्याला पूर्णविरामच होता.

तिसरा ठिपका पेटला तेव्हा थेंब पडायला लागले होते. मी मशीन लावलं आणि उरलेले खड्डे पाडले. माती ओली होत होती, पातं अलगद शिरत होतं. मेस्त्री आला तेव्हा आम्ही तिघंही भिजलेले. त्यानं अक्कांकडं बघितलं, पहारीकडं बघितलं, आणि काहीही न विचारता मशीनवर हात ठेवून म्हणाला, "गिरमिट तुमच्याकडंच राहू द्या."

दुसऱ्या दिवशी कळलं, फ्रिजमधलं दूध नासलं होतं. अक्कांनी त्याची वडी केली आणि मलाच खायला दिली. "बघ, वाया काही गेलं नाही." मी एक खाल्ली, दुसरी यांच्यासाठी पदरात बांधून घेतली.

रोपं लागली. होंगे, म्हणजे आपला करंज, आणि मधे मधे संपिगे, म्हणजे सोनचाफा. मी अक्कांना म्हणाले, तुमच्या अंगणात एक गुंडी तोडून देते, सोनचाफा लावू. त्यांनी अंगणभर फिरून बघितलं. इथं पाण्याची पाइप, तिथं बुजवलेल्या विहिरीची जुनी भर, इकडं फाटक अडेल. "राहू दे सध्या," म्हणाल्या. "जागा ठरली की सांगते. माझी एक गुंडी राखीव ठेव तुझ्याकडं."

पुढं ते घर मुलांनी बिल्डरला दिलं. जाईचा वेल गेला, व्हरांडा गेला, ती गार फरशी गेली. अक्का आता इथं व्हाइटफील्डलाच असतात, थोरल्या मुलाकडं, फार वरच्या मजल्यावर. मागच्या आठवड्यात मी भेटून आले. लिफ्टमध्ये माझ्या कपड्यांची लाल माती बघून सगळे अंग चोरून उभे होते. अक्का वाळल्यात. बोलता बोलता मधेच थांबतात, श्वास घेतात, मग वाक्य पुढं नेतात. त्यांच्या पाठीवर ठिपके असते तर किती पेटलेले दिसले असते, या विचारानं मला तिथं धड बसवेना. बाल्कनीत चार कुंड्या. त्या कठड्याला धरून खाली बघत म्हणाल्या, "इथं कुठं तोडशील गं गुंडी? खाली सगळं सिमेंट." आणि हसल्या, फाटकाला धरून हसल्या होत्या तशाच, फक्त आवाज बारीक.

"दत्ताची पाठ?" त्यांनी विचारलं.

"चालतेत. बॅटऱ्या सांभाळतेत."

"सदरा?"

सदरा विरलाय, कॉलर फाटलीय. तपकिरी गुंडी मात्र घट्ट आहे. मी तसं सांगितलं. त्यांना फार बरं वाटलं.

आता वॉचमनच्या खोलीतून यांनी हाक दिली आहे, बॅटरी भरली. उठायला पाहिजे. गुडघे नाही म्हणतात. हे बॅटरी घेऊन स्वतःच येतायत, हळूहळू, पण आपल्या पायांनी. ते पाय बघते आणि ज्यांच्यामुळं ते अजून जमिनीवर आहेत त्यांना सांगते. अक्का, तुमची एक गुंडी सदऱ्यावर आहे आणि एक, राखीव ठेवलेली, माझ्या अंगावर देणं आहे. पहिली कधीतरी तुटेल, दुसरी मी नाही विसरायची. अंगण असो, रस्त्याची कड असो, नाहीतर हिंगोलीकडं आमच्या घरामागचा तुकडा असो. जोडीतली एक बॅटरी तुमच्या नावानं मी भरून ठेवली आहे. जागा तुम्ही सांगा अक्का, गुंडी मी तोडीन.